ड्रॉ म्हणजे काढणे

घाटंजीच्या मीटिंगमध्ये चिठ्ठ्या काढल्या, त्यात श्रावण मुनेश्वर मास्तरांच्या वाट्याला 'ड्रॉ' हे क्रियापद आलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं. शेजारच्या गावच्या मास्तरांना 'ईट' आलं होतं. त्यांनी साहेबांसमोर तीन केळी खाल्ली, वर्गाकडून 'ही ईट्स' म्हणवून घेतलं आणि 'उत्तम' असा शेरा घेऊन ते घरी गेले. पांढरकवड्याकडच्या एका मास्तरांना 'स्लीप' आलं. ते टेबलावर आडवे झाले ते, म्हणतात, शेरा ऐकायलाही उठले नाहीत. नशीब नशीब म्हणतात ते हेच.

भानगड अशी होती, की एकसष्ट सालच्या माघात यवतमाळहून एक सर्क्युलर निघालं. इंग्रजी यापुढे प्रत्यक्ष पद्धतीने शिकवायची. क्रियापद मुलांनी कानांनी ऐकण्याआधी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. प्रत्येक मास्तरानं एक क्रियापद घ्यावं, आधी त्याचा खराखुरा अर्थ कृतीनं करून दाखवावा, मग लाक्षणिक अर्थाकडे वळावं. खरे अर्थ कोणते ते सर्क्युलरात क्रमवार छापले होते. डिप्टीसाहेब स्वतः पाठ बघायला येणार होते, आणि जे मास्तर अजून टेम्पररी होते त्यांचं कायम होणं त्या पाठावर ठरणार होतं. मुनेश्वर मास्तर दोन वर्षांपासून टेम्पररी होते.

खापरदरीच्या हायस्कुलात त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत त्यांचा कोणीही, कधीही अपमान केला नव्हता, हे आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे. गाव त्यांना 'मास्तर' म्हणे, रस्त्यात रामराम घाली. फक्त कोणी थांबत नसे. छप्पन साली नागपूरला जाऊन ज्या घरांनी बुद्धाची दीक्षा घेतली त्यांत पुसदकडचं मुनेश्वरांचं घर होतं. मास्तरांच्या आईनं, रुखमाबाईनं, परत आल्यावर घरातले देव स्वतःच्या हातानं नाल्यात सोडले होते. त्यांच्याकडून तो बदल पुरा झाला होता. खापरदरीनं तो अजून मनावर घेतला नव्हता, एवढंच.

शाळेच्या आवारात विहीर होती. तिचं पाणी गोड. मास्तरांना तहान लागली आणि ते व्हरांड्यात आले, की चपराशी बळीराम कुठूनही धावत येई.

"तुम्ही कायले तकलीफ घेता, मास्तर? मी काढून देतो ना!"

आणि तो वरून पाणी ओती, मास्तर ओंजळीनं पीत. हेडमास्तरांना बळीराम पेल्यात पाणी देई. मास्तरांच्या बाबतीत त्याचा आदर इतका दांडगा होता, की पेलाही त्यांना उचलू देत नसे. दोन वर्षांत मास्तरांचा हात त्या दोराला लागला नव्हता. भांडावं म्हटलं तर भांडणार कशाशी? आदराशी?

गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती होती. तिथं मास्तर पौर्णिमेला वंदनेला जात. लोक उठून उभे राहत, त्यांना खुर्ची देत, आणि खुर्ची वस्तीत एकच असल्यामुळे बाकी सगळे खाली बसत. मास्तर तिथंही एकटेच उंचावर बसून परत येत. राहायला ते शाळेजवळ, लालीबाईच्या आवारातल्या एका खोलीत होते. लालीबाई ही म्हातारी बंजारीण. मुलगा रामधन गाडी हाके. ती रोज सकाळी नाल्यातल्या झिऱ्यावरून पाण्याची एक घागर आणून मास्तरांच्या दाराशी ठेवी आणि खाकरे. मास्तर आतून खाकरत. दोन वर्षांत त्यांचं जे संभाषण झालं त्यात हा भाग मोठा होता.

तर 'ड्रॉ'. मास्तर डिक्शनरी घेऊन बसले. चित्र काढणं म्हणजे ड्रॉ, पडदा ओढणं म्हणजे ड्रॉ, बैलानं गाडी ओढणं म्हणजे ड्रॉ, लक्ष वेधणं म्हणजेही ड्रॉ. आपल्या 'काढणे'सारखंच हे क्रियापद मिळेल त्या कामाला जुंपलेलं दिसलं. 'दिवस काढणे' याला मात्र त्यांना ड्रॉ सापडेना. चार-चारदा पान उलटलं, नाहीच. मराठी माणूस दिवस काढतो, इंग्रजाचे दिवस बहुधा आपोआप जात असावेत.

सर्क्युलरात पहिला अर्थ छापला होता: पाणी काढणे.

मास्तर पाठाचं टाचण घेऊन हेडमास्तर वामनरावांकडे गेले. वामनराव मनानं चांगले होते. फक्त त्यांचं मन आणि त्यांचं तोंड यांच्यामध्ये शाळा समिती बसलेली असे.

"वा, वा," ते वाचत म्हणाले. "चित्र, छान. पडदा, छान. बैलगाडी... बैल वर्गात आणू नका म्हणजे झालं. आणि हे पहिलं..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे पाणी वगैरे वगळलं तर?"

"सर्क्युलरात एक नंबरला आहे, सर."

"हो, तेही खरं." चष्मा पुन्हा पुसून झाला. "असं करू. शिकवायचं तुम्हीच. पाणी बळीराम काढेल. तुम्ही नुसतं बोट दाखवायचं."

"मग वाक्य बदलेल, सर. 'आय ड्रॉ वॉटर' राहत नाही. 'ही ड्रॉज वॉटर' होतं. तृतीय पुरुषी एकवचन. एस लागतो."

"एस ना?" वामनरावांचा चेहरा उजळला. "लागू द्या! एकच काय, दोन लावा!"

व्याकरणातला एक एस एखाद्या गावाच्या इतका उपयोगी पडू शकतो, हे मास्तरांना बी.ए.पर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

पाठाची बातमी गावात पसरली. रामधन पहिल्यांदाच खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, बैल माह्ये. दुसऱ्याचे घ्याल तं सांगून ठेवतो, बरं होनार नाही." लालीबाईनं पडद्यासाठी पेटीतली लाल, आरसे लावलेली ओढणी काढून दिली. दोन वर्षं नुसतं खाकरणाऱ्या माणसांनी इतकं बोलावं, याचं मास्तरांना नवल वाटलं. त्यांनी त्या चार दिवसांत आरशासमोर नव्वद वेळा 'ही ड्रॉज वॉटर' म्हटलं आणि दर वेळी बोट दाखवलं.

फाल्गुनात एका सोमवारी डिप्टीसाहेब आले. पाठ सुरू झाला. मास्तरांनी फळ्यावर गाय काढली आणि विचारलं, "व्हॉट डू आय ड्रॉ?" वर्ग एका आवाजात म्हणाला, "पिग!" साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग मास्तर पडद्याकडे वळले. ओढणी खिडकीवर बळीरामानं ठोकली होती, आणि बळीरामाला ठोकण्यापेक्षा पाणी काढण्याचा सराव जास्त होता. मास्तरांनी 'आय ड्रॉ द कर्टन' म्हणून हलकेच ओढलं, तर खिळ्यासकट ओढणी सुटून खिडकीखाली बसलेल्या वामनरावांच्या डोक्यावर आली. आरसे लावलेल्या लाल ओढणीत हेडमास्तर क्षणभर नवरीसारखे दिसले. हसण्याची कोणाची छाती झाली नाही, म्हणून सगळ्यांना खोकला झाला.

बाहेर रामधनची गाडी तयार होती.

"द बुलॉक ड्रॉज द कार्ट," मास्तर म्हणाले.

बैल जागचा हलला नाही.

"इंग्रजी समजत नाही साहेब त्याले," रामधन म्हणाला, आणि जीभ टाळ्याला लावून त्यानं आपल्या बोलीत एक आवाज काढला. दोन्ही बैल उधळले ते थेट शाळेचं पऱ्हाटीच्या काड्यांचं कुंपण गळ्यात घेऊन गोठ्याकडे. त्यांच्यामागे रामधन, आणि त्याच्यामागे अर्धा वर्ग 'ड्रॉज! ड्रॉज!' ओरडत. एवढा गोंगाट ऐकून गाव जमलं. डिप्टीसाहेब विहिरीकडे वळले तेव्हा पन्नास-साठ माणसं काठाभोवती उभी होती.

बळीराम दोर धरून तयारच होता. मास्तरांनी बोट वर केलं.

"थांबा," साहेब म्हणाले. "हे कोण?"

"चपराशी, सर," वामनराव पुढे झाले. "'ही ड्रॉज' आहे, सर. तृतीय पुरुषी..."

"पाठ चपराशी घेतो की मास्तर? प्रत्यक्ष पद्धत आहे ना? मास्तरानं स्वतः करायचं आणि 'आय' म्हणायचं. एसचं नंतर पाहू."

साहेब यवतमाळचे. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं, की सगळं माहीत होतं, हे पुढं बरेच दिवस गावात चर्चेत होतं. त्या वेळी मात्र वामनराव कुंपण होतं तिकडे पाहू लागले. बळीरामानं दोराकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि दोर रहाटावर ठेवून तो दोन पावलं मागे सरला.

मास्तर पुढे गेले. त्यांनी दोर हातात घेतला.

आणि त्या क्षणी त्यांना एक गोष्ट आठवली, जी चार दिवसांच्या गडबडीत त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांना पाणी काढता येत नव्हतं. येणार कुठून? लहानपणी आई नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरी. विहीर होती, पण ती लांबून बघायची. नागपूरला वसतिगृहात नळ होता. आयुष्याच्या सव्विसाव्या वर्षी, इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला माणूस साठ माणसांसमोर पहिल्यांदा रहाटाला उभा होता.

बादली खाली गेली. ती आपोआपच जाते. पाण्याला टेकल्याचा आवाज आला, दोर जड झाला. आता ओढायचं हे त्यांना कळत होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, "आय ड्रॉ वॉटर!"

बोलण्याच्या नादात हात सैल झाले. भिजलेला दोर तळव्यांची साल काढत सरसर निघाला, रहाटावरून त्याचं टोक साप गेल्यासारखं गेलं, आणि खाली धप्प झालं.

"आय ड्रॉ वॉटर!" वर्ग इमानेइतबारे म्हणाला.

डिप्टीसाहेबांनी काठावरून वाकून पाहिलं. "मास्तर," ते म्हणाले, "हे ड्रॉप झालं. ते दिग्रसच्या मास्तरांकडे आहे."

गाव हसलं. मास्तरांचे कान तापले. आता गळ टाकून बादली काढण्याशिवाय इलाज नव्हता, आणि विहिरीत पडलेली बादली काढणं ही गोष्ट अशी, की ती बघत गप्प राहणं माणसाच्या हातात नसतं.

"डाव्या अंगानं, मास्तर! डाव्या!"

"अरे ढिला सोडा ना, ढिला! काहून तानून राह्यले?"

"खाली टेकू द्या आधी. कोनं शिकवलं तुम्हाले?"

"कोणीच नाही!" मास्तर घामाघूम होऊन ओरडले.

"मंग इकडं द्या," बळीराम म्हणाला, पण मास्तर सोडेनात. तेव्हा त्यानं त्यांच्या हातांवरच हात धरले आणि गळ फिरवून दाखवला. "असा. पोटातून. आता वढा." कोणाच्या ध्यानात आलं नाही. बळीरामाच्याही नाही. अर्ध्या तासानं बादली वर आली, तेव्हा तिच्यात अर्ध्याच्या वर पाणी होतं आणि सगळं गाव स्वतःच काढल्यासारखं ओरडलं. साहेबांची बस यायची होती. त्यांनी उभ्या उभ्या इंग्रजीत शेरा लिहिला: ड्रॉज वेल. म्हणजे, छान काढतो. गायीला, पडद्याला की पाण्याला उद्देशून, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी मास्तर सोललेल्या तळव्यांना तेल लावत खोलीत बसले आणि आपल्याशीच हसले. अर्ध्या तासात जितकी माणसं त्यांच्याशी बोलली तितकी दोन वर्षांत बोलली नव्हती. सगळ्यांनी त्यांना मूर्ख ठरवलं होतं हे खरं. पण मूर्ख म्हणायलासुद्धा माणसाला जवळ यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले तर विहिरीवर मोट चालू होती. दोन बैलजोड्या पाणी उपसून बाहेर नालीत सोडत होत्या.

"हे काय, सर?" त्यांनी वामनरावांना विचारलं.

"गाळ, मास्तर. गाळ फार झाला होता. कालच्या बादलीनं सगळा ढवळला." वामनराव हजेरीपट उलटा धरून वाचत होते. "समितीनं ठरवलं."

"बादली महिन्यातून दोनदा पडते, सर. बळीरामाच्या हातूनही पडते."

"पडते ना," वामनराव म्हणाले. त्यांनी हजेरीपट सुलटा केला. "तुम्ही... तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गाळच आहे तो."

मास्तर वर्गात गेले. त्या दिवशी त्यांनी मुलांना काय शिकवलं ते त्यांनाच आठवलं नाही. खिडकीतून मोटेचा कुरकुर आवाज येत होता, आणि काल ज्यांनी 'डाव्या अंगानं' म्हणून सांगितलं होतं त्यांतलेच दोघे बैल हाकत होते. त्यांनी मास्तरांना रामरामही घातला.

आता, फाल्गुनात विहीर रिकामी करावी का, हा प्रश्न समितीनं एखाद्या शेतकऱ्याला विचारायला हवा होता. समितीत सगळे शेतकरीच होते, पण पवित्र कामात शेतकी कोण काढतो? विहीर उपसली ती पुन्हा भरेचना. तळाशी चार दिवसांत गुडघाभर गढूळ पाणी आलं आणि तेवढ्यावर थांबलं. दोनशे पोरं, नऊ मास्तर आणि चैत्राचं ऊन. गावातल्या घरच्या विहिरींवर बायका आपल्यापुरतंच पाणी आहे म्हणून बळीरामाला हाकलून देऊ लागल्या. गोड आणि भरपूर पाणी एकाच जागी होतं, खालच्या वस्तीत, सरकारनं बांधून दिलेल्या विहिरीवर.

बळीराम दोन दिवस दुसऱ्या वाटा शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी तो हंडे घेऊन तिथं गेला. वस्तीतली कांताबाई पाणी भरत होती. बळीरामानं दोराला हात घातला, तशी ती लगबगीनं पुढे आली.

"अजी, तुम्ही कायले तकलीफ घेता? आम्ही काढून देतो ना!"

तिच्या तोंडावर हसू आलं नाही, असं बळीराम सांगत असे. पण तिनं हंडे भरून दिले, दोन्ही, काठोकाठ.

ते पाणी शाळेच्या माठात आलं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. वामनराव तीन दिवस घरून फिरकीचा तांब्या आणत होते. चौथ्या दिवशी तांब्या अकरा वाजताच संपला. बारा वाजता ते व्हरांड्यात आले, इकडे तिकडे पाहिलं, माठातून पेला भरला आणि डोळे मिटून प्याले. मग दुसरा भरला. मुनेश्वर मास्तर खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीतून पाहत होते. आपल्याला फार आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. झाला नाही. तहानलेला एक म्हातारा माणूस पाणी पीत होता, एवढंच दिसलं. आणि ते कोणाला सांगावं, तर सांगण्याजोगं कोणी नव्हतं.

एवढ्यात नवीनच संकट आलं. डिप्टीसाहेबांचा शेरा वरच्या कचेरीत कोण्या कारकुनानं मराठीत उतरवला होता. 'वेल' म्हणजे छान हे त्याच्या गावी नव्हतं, 'वेल' म्हणजे विहीर हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शाळेला पत्र आलं: 'आपल्या शाळेतील शिक्षक श्री. मुनेश्वर हे विहीर काढतात असे कळते. सदर विहीर कोणाच्या जागेत, कोणत्या परवानगीने व किती खोल काढली, याचा खुलासा आठ दिवसांत करावा.'

वामनरावांना घाम फुटला. "आधीच आपली आटलेली, आणि हे म्हणतात नवी काढली! समितीला काय सांगू? मास्तर, तुम्हीच लिहा. तुमचं क्रियापद आहे."

मास्तरांनी कागद ओढला आणि एका दमात लिहिलं: 'विहीर काढलेली नाही. पाणी काढले. एकदाच काढले. त्यानंतर विहिरीचे जे झाले ते शाळा समितीने केले, तरी खोलीबाबत त्यांच्याकडे विचारणा व्हावी.'

वामनरावांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांचा हात लाल पेन्सिलीकडे गेला. मग त्यांनी व्हरांड्यातल्या माठाकडे पाहिलं, आणि कसं कोण जाणे, खाली सही केली.

"समिती मला खाऊन टाकेल," ते म्हणाले.

"ही ईट्स, सर," मास्तर म्हणाले. वामनराव दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याबरोबर हसले.

एप्रिलच्या शेवटी, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, ऑर्डर आली. श्री. श्रावण मुनेश्वर यांना कायम करण्यात येत आहे. मास्तरांनी ती घडी करून खिशात घातली, पुन्हा काढून वाचली, आणि भर उन्हात घरी आले. आईला पत्र टाकायचं होतं. पण ते पोचणार चार दिवसांनी, आणि वाचून दाखवायला कोणी भेटेल तेव्हा. एवढा वेळ बातमी खिशात राहीना.

लालीबाई अंगणात सुपानं जवारी पाखडत होती.

"बाई," मास्तर कुंपणाजवळूनच म्हणाले, "मी कायम झालो."

"कायम म्हंजे काय रे?"

"म्हणजे आता मी इथंच राहणार."

लालीबाईनं सूप थांबवलं, डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मंग इतके दिस कुठं राह्यत होता तू?"

मास्तरांनी खिशातून ऑर्डर काढली.  ती हातात धरून ते उभे राहिले.

"उन्हात काहून उभा आहेस?" लालीबाई सूप घेऊन उठली. "चाल आत. भाकरी टाकून राह्यली मी. खोलीत एकला बसून काय कागद खातो?"

ती घरात शिरली. मास्तरांनी चपला काढल्या, त्या नीट जोडीनं ठेवल्या, सदरा झटकला आणि तिच्या मागोमाग गेले. दार ठेंगणं होतं. दोन वर्षांत त्यांना ते समजायचं काही कारण पडलं नव्हतं. चौकटीवर कपाळ असं आपटलं, की आत लालीबाई तव्यासमोर दोन्ही हात पोटावर धरून हसत सुटली, आणि मास्तर कपाळ चोळत, डोळ्यांतलं पाणी पुसत, चुलीपाशी जाऊन बसले.